रेमाचा मुखवटा: सैतानाचा, बेनिनचा की युनिव्हर्सलचा?

पिंपळपान:
परवा भाचीच्या हळदीत पुन्हा एकदा 'काम डाउन' वाजलं. पंचाहत्तरीच्या आत्यापासून पाचवीतल्या पोरापर्यंत सगळे नाचले. हे कोणाचं गाणं म्हणून विचारलं तर नवरदेवाचा मित्र छातीठोकपणे म्हणाला, "सेलेना गोमेझचं." त्या रागातून हा धागा काढतेय.

गाणं रेमाचं. खरं नाव डिव्हाइन इकुबोर, जन्म १ मे २०००, गाव नायजेरियातलं बेनिन शहर. आठ वर्षांचा असताना वडील गेले. आधी चर्चमध्ये गायला-रॅप करायला लागला. २०१८ मध्ये गायक डी'प्रिन्सच्या एका गाण्यावर आपले शब्द म्हणून व्हिडिओ टाकला, तो खुद्द डी'प्रिन्सच्या नजरेस पडला आणि २०१९ मध्ये पोरगा निर्माता डॉन जॅझीच्या मॅव्हिन रेकॉर्ड्स या गाण्यांच्या कंपनीत दाखल झाला. त्याच वर्षी 'डुमेबी' गाजलं आणि 'आयर्न मॅन' हे गाणं ओबामांच्या उन्हाळी आवडत्या गाण्यांच्या यादीत गेलं. 'काम डाउन' २०२२ चं. सेलेना त्यात नंतर आली, ऑगस्टमध्ये. पुढच्या वर्षी ते अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० मध्ये तिसऱ्या क्रमांकावर पोचलं आणि सप्टेंबरात स्पॉटिफायवर शंभर कोटींचा पल्ला ओलांडला. आफ्रिकन कलाकाराच्या मुख्य नावावर असलेलं असं ते पहिलंच गाणं.

आता मुद्दा. १४ नोव्हेंबर २०२३ ला लंडनच्या ओ-टू अरीनात त्याचा कार्यक्रम झाला. हा पठ्ठ्या मुखवटा घालून खोट्या घोड्यावर बसून आला, मंचावर वटवाघळं, लाल-काळा उजेड. दुसऱ्या दिवशी नायजेरियात बोंब: पोरगा सैतानाच्या नादी लागला! त्याने उत्तर दिलं की हे सगळं माझ्या गावचं आहे. मुखवटा होता राणी इडियाचा. ती सोळाव्या शतकातल्या ओबा एसिगीची, म्हणजे बेनिनच्या राजाची आई. फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन लुटलं, ओबा ओवोनरामवेनला कलाबारला हद्दपार केलं आणि तिथल्या हजारो वस्तू युरोपात नेल्या. इडियाचा हस्तिदंती मुखवटा आजही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, ओ-टूपासून अर्ध्या-पाऊण तासावर.

माझ्या मते त्याने केलेली ही सगळ्यात धीट गोष्ट. गोड गाण्याने जग जिंकल्यावर तसलीच आणखी दहा काढता आली असती. तो उलट घरच्या वाटेला लागला आणि घरच्यांनीच त्याला दगड मारले.

मिसळ_शेजवान:
बेनिन हा वेगळा देश ना? नायजेरियाच्या शेजारचा? गाणं माहीत आहे, बाकी सगळं डोक्यावरून गेलं.

लागोसकर:
@मिसळ, ही गफलत सगळ्यांची होते. बेनिन देशाचं जुनं नाव दाहोमे, ते १९७५ मध्ये बदललं. ज्या राज्याची ही गोष्ट चालली आहे ते बेनिन शहर नायजेरियाच्या एदो प्रांतात आहे. त्या देशाशी त्याचा नावापुरता संबंध.

सविस्तर रात्री लिहितो, आत्ता जनरेटरवर लॅपटॉप चालू आहे.

सातारचा_स्पष्टवक्ता:
ताई, तुम्ही फार लवकर विरघळता.

मुखवटा लंडनमध्ये चढवला, तिकिटं पाउंडात विकली. त्यानंतर तीन महिन्यांत, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्याच्या मॅव्हिन कंपनीतला बहुमताचा हिस्सा युनिव्हर्सल म्युझिकने घेतल्याची घोषणा झाली. म्हणजे १८९७ ची लूट गाण्यात सांगायची आणि गाण्याची मालकी परत त्याच दिशेला जाणार. याला घरची वाट म्हणायचं? माझ्या भाषेत हा माल खपवण्याचा वेष्टनबदल आहे. गोड चव लोकांना कंटाळवाणी होणार हे कंपनीला आधी कळतं, मग 'मूळ' नावाचा मसाला बाहेर काढतात.

आणि पुढचं तर आपल्या मुंबईत घडलं. 'हेइस' हा त्याचा बेनिनवाला, रागीट अल्बम आला जुलै २०२४ मध्ये. त्याच आठवड्यात, १२ जुलैला, साहेब कुठे होते? अंबानींच्या वरातीत! गायले काय? तेच 'काम डाउन'. बातम्यांत तीस लाख डॉलरचा आकडा फिरत होता. अधिकृत कोणी काही बोललं नाही, म्हणून तो मी धरत नाही. पण सुपारी घेतली हे तर खरं? ओबाच्या घोड्यावरून उतरून नवऱ्याच्या घोड्यामागे.

मुलुंडची_गौरी:
'नवऱ्याच्या घोड्यामागे' 😂 पण स्पष्टवक्ते, सुपारी घेण्यात काय वाईट? आपल्याकडचे थोर थोर गायक लग्नात गातात. तमाशाची बारी सुपारीवरच उभी असते. कलाकाराने घर कशावर चालवायचं?

मी मे २०२३ मध्ये त्याच्या मुंबईच्या कार्यक्रमाला गेले होते (तेव्हा दिल्ली, हैदराबाद, मुंबई असा दौरा होता). घामाच्या धारा लागलेल्या, आणि तो जीव तोडून गात होता. माझ्या आजूबाजूचे सगळे एका गाण्याची वाट बघत उभे. बाकीच्या वेळी बिअरची रांग, कोण कुठे भेटायचं याचे फोन. ते गाणं सुरू झालं आणि हजारो मोबाइल वर. संपलं तसे लोक पार्किंगकडे. मला तेव्हा त्याची दया आली होती. म्हणून 'हेइस' ऐकला तेव्हा तो एवढा का ओरडतोय हे मला लगेच समजलं.

ठेका:
संगीताबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, नायजेरियाच्या जुन्या पिढीतल्या फेला कुटीचं अफ्रोबीट आणि हे शेवटी 'स' लागलेलं अफ्रोबीट्स यांत चुलत्या-पुतण्याचंही नातं धड नाही. फेलाची गाणी पंधरा-वीस मिनिटांची, ब्रासचा ताफा, टोनी ॲलनचा ड्रम, आणि सरकारला थेट शिव्या. अफ्रोबीट्स हे नाव विलायतेत रुळलं, पश्चिम आफ्रिकेतल्या सगळ्या नव्या पॉपला एकाच पिशवीत भरायला सोयीचं म्हणून. रेमा स्वतःच्या गाण्याला 'अफ्रोरेव्ह' म्हणतो आणि त्यात अरबी आणि भारतीय सुरांचा प्रभाव आहे असं सांगतो. 'डुमेबी'तल्या नाकातल्या वळणदार ताना ऐका, लगेच पटेल. हळदीच्या मांडवात त्याचं गाणं परकं वाटत नाही याचं निम्मं कारण मला तिथे दिसतं.

दुसरं, 'हेइस'. अकरा गाणी मिळून जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं. पाहुणे गायक दोनच, शॅलिपोपी आणि ओडुमोडूब्लॅक, दोघेही नायजेरियातलेच. एकही अमेरिकन नाव नाही. स्पष्टवक्ते, वेष्टनबदलच करायचा असता तर कंपनीने एक तरी सेलेना आत घुसवली असती. त्यातलं 'ओझेबा' ऐकताना पत्र्याच्या शेडवर गारा पडतायत असं वाटतं, ते रेडिओवर खपवायला केलेलं नाही. ग्रॅमीचं नामांकन मिळालं, पारितोषिक नाही.

पण ताईंचंही सगळं पटत नाही. त्याच अल्बममध्ये 'आता मोठे तीन नाहीत, चार आहेत' ही फुशारकी आहे. मोठे तीन म्हणजे नायजेरियाचे स्टार गायक विझकिड, बर्ना बॉय आणि डेव्हिडो. ज्याला घराची ओढ लागली आहे तो क्रमवारी मोजत बसेल का? मला तो भाग पोरकट वाटला. नायजेरियातले चाहते मात्र महिनाभर त्यावरच भांडले. गाणी कोणाला ऐकायची होती!

सातारचा_स्पष्टवक्ता:
@ठेका, अमेरिकन नाव नाही हा मुद्दा मान्य. चांगला आहे. पण शॅलिपोपीचं नाव घेतलंत म्हणून विचारतो. 'बेनिन बॉइज' हे गाणं त्याने आणि रेमाने मिळून केलं. हाच शॅलिपोपी २०२३ मध्ये तिथल्या आर्थिक गुन्ह्यांच्या यंत्रणेच्या कोठडीत जाऊन आला होता ना, इंटरनेट फसवणुकीच्या संशयावरून? मग 'माझं गाव' म्हणून नेमकं कुठलं गाव दाखवतोय हा?

पिंपळपान:
संशयावरून कोठडीत गेलेला माणूस गुन्हेगार ठरवायचा असेल तर आपले अर्धे... असो, राजकारण नको.

स्पष्टवक्ते, तुम्ही साताऱ्याचे. त्याच जुलै २०२४ मध्ये तुमच्याकडे लंडनहून वाघनखं आली, तीन वर्षांच्या उसनवारीवर. तुम्ही रांगेत उभे राहून फोटो टाकला होता, माझ्या लक्षात आहे. काचेआडून बघताना पोटात जे काही झालं असेल, तेच त्या पोराला मुखवट्याबद्दल झालं असेल एवढं धरून चालायला काय हरकत आहे? (ती नखं कोणती, खरी कुठली हा वाद वेगळा धागा मागतो. इथे नको, हात जोडते.)

बेनिनला तर उसनंही मिळालं नव्हतं. १९७७ मध्ये लागोसला फेस्टॅक नावाचा सगळ्या आफ्रिकेचा कलामहोत्सव भरला, बोधचिन्ह हाच इडियाचा मुखवटा. नायजेरियाने तो तेवढ्यापुरता मागितला, ब्रिटिश म्युझियमने नकार दिला. शेवटी एदो कारागिराकडून नवा कोरून घेतला.

लागोसकर:
आलो. सातेक वर्षं इथे आहे, लागोसच्या इकेजा भागात कारखान्यात. फेस्टॅकचा विषय निघाला ते बरं झालं, कारण 'सैतान' प्रकरणाची गाठ तिथेच आहे आणि वर कोणी ती सोडवली नाही.

तुम्ही सगळे धरून चालला आहात की इथले लोक अडाणी, त्यांना आपला मुखवटा ओळखता आला नाही. उलट आहे. ओळखला म्हणून तर घाबरले. दक्षिण नायजेरियात पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचं वजन तुम्हाला तिकडून कळणार नाही. रविवारी सकाळी लागोसचे रस्ते मोकळे असतात ते त्यामुळेच. या पंथातल्या बऱ्याच धर्मोपदेशकांचं म्हणणं असं की ७७ च्या फेस्टॅकमध्ये जुने देव-मुखवटे एकत्र आणून देशावर भुतं बोलावली गेली आणि तेव्हापासून नायजेरियाची साडेसाती सुरू झाली. हे मी प्रवचनात माझ्या कानांनी ऐकलं आहे. अशा ठिकाणी तो नेमका तोच मुखवटा घेऊन उभा राहिला.

आमचा कंपनीचा ड्रायव्हर एदो. त्याला मी विचारलं. तो म्हणाला, "ओगा (म्हणजे साहेब), मुखवटा आमचाच आहे, पण तो राजवाड्यात असावा. माझ्या मुलाच्या फोनवर कशाला?" यात अडाणीपणा कुठे आहे? बोहाड्याचे मुखवटे जव्हार-मोखाड्यात रात्री पूजा करून घालतात. तोच मुखवटा धुराच्या झोतात स्टेडियमवर नाचवला तर तिथला म्हातारा काय म्हणेल? कौतुकही करील, हिरमुसेलही.

वटवाघळांचं म्हणाल तर त्यात गूढ काही नाही. बेनिनला कामासाठी दोनदा गेलोय, संध्याकाळी आकाश काळं होतं त्यांनी. तिथे वाढलेल्या पोराला वटवाघूळ म्हणजे आपल्याला कावळा.

मुलुंडची_गौरी:
ड्रायव्हरदादांचं उत्तर या धाग्यातलं सगळ्यात भारी.

एक विसरू नका, ओ-टू झाल्यावर लगेच त्याने डिसेंबरचे कार्यक्रम रद्द केले होते. दौऱ्यांच्या धबडग्यात तब्येतीकडे दुर्लक्ष झालं असं स्वतः लिहून. तेवीस वर्षांचा मुलगा. त्या काळात रोज हजारो लोक त्याला सैतान म्हणत होते.

सातारचा_स्पष्टवक्ता:
वाघनखांवरून मला पकडलंत ताई, रांगेत होतो हे खरं आहे. पण मी त्या फोटोचं तिकीट नाही लावलं. 🙂

लागोसकरांचं वाचून माझं मत जरा सरकलं, पण तुमच्या बाजूला नाही. मी त्या ड्रायव्हरच्या बाजूला आहे. मुखवटा राजवाड्यात असावा. गायकाने गावं.

लागोसकर:
स्पष्टवक्ते, मग पुढचं ऐका. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने बेनिनच्याच स्टेडियममध्ये घरवापसीचा कार्यक्रम केला. त्याच मुक्कामात लहानपणी ज्या चर्चमध्ये गायचा तिथे गेला आणि १० कोटी ५० लाख नायरा देऊन आला, आपले साठेक लाख रुपये धरा. लगेच दुसरी बोंब: एवढे पैसे चर्चला कशाला, गावात शाळा-दवाखान्यांची ही दशा असताना?

आमच्या कँटीनमध्ये दोन्ही वेळा तावातावाने बोलणारी माणसं साधारण तीच होती.

मिसळ_शेजवान:
म्हणजे देणगी सैतानाने दिली की चर्चने सैतानाकडून घेतली?

असो, तुमच्या नादाने 'हेइस' लावला. तिसऱ्या गाण्याला बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, मिक्सर कोणी चालू ठेवलाय. चौथं इअरफोन लावून ऐकलं. आवडलं, सांगायला लाज वाटते.

पिंपळपान:
@मिसळ 😀 लाज कसली.

आज रिसेप्शन होतं. डीजेवाल्याकडे जाऊन 'ओझेबा' लाव म्हटलं. त्याने शोधलं, दहा सेकंद कानाला लावून ऐकलं आणि म्हणाला, "ताई, पंगत चालू आहे." मग 'काम डाउन' लावलं. सेलेनावालं.