प्रतिसाद : सुरक्षेचा संदेश केव्हा आणि कोणाला?

शेतीतील अपघात टाळण्याचे व्हिडिओ गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकावेत, ही वरच्या प्रतिसादातील सूचना मान्य. मात्र ते केव्हा टाकायचे, याचाही विचार व्हावा. ऊस गाळपाचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मग रात्री कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ-हातकणंगले भागातील रस्त्यांवर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, अशा उसाने लादलेल्या ट्रॉल्या उभ्या दिसतात; त्यामुळे हंगामाच्या तोंडावर वाहतूकदारांच्या गटावर गेलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जूनमधल्या व्याख्यानापेक्षा उपयोगी पडेल.

फवारणीच्या बाबतीत तर फोनचा कॅमेराच कामाचा आहे. कीटकनाशकाच्या डब्यावरील चौकोनात खालच्या त्रिकोणाचा लाल रंग म्हणजे सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा, एवढे सांगून थांबू नये. विषबाधा झाल्यास १०८ ला फोन करावा आणि लेबलचा फोटो डॉक्टरांना दाखवावा, कारण घटक कळल्यास उपचार ठरवणे सोपे जाते. (‘शुभ सकाळ’च्या गर्दीत असे संदेश वाहून जातात, ते गटात पिन करावेत.)

बीडसारख्या जिल्ह्यांतून येणारे ऊसतोड मजूर मात्र स्थानिक गटांत नसतात; त्यांच्यापर्यंत मुकादमांमार्फत व्हॉइस मेसेज पोहोचवता येतील.