'द वॉल': पिक्चरमुळे एकटेपणा जास्त भिडतो की अल्बममध्येच तो खरा होता?

कातळ
काल रात्री परत एकदा 'द वॉल' बघितला, म्हणजे पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या १९७९ च्या डबल अल्बमवर ॲलन पार्करने १९८२ साली काढलेला पिक्चर. बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिंक नावाचा रॉकस्टार हॉटेलच्या खोलीत टीव्हीसमोर खुर्चीत बसून राहिलाय. वडील दुसऱ्या महायुद्धात गेले, आई पदराखालून बाहेर पडू देत नाही, मास्तर याची कविता वर्गासमोर वाचून टर उडवतो, बायको दुसऱ्याकडे गेली, आणि यातलं प्रत्येक दुखणं म्हणजे भिंतीतली एकेक वीट. भिंत पुरी होते, हा आत कोंडला जातो आणि शेवटी बाहेर येतो तो हातोड्याचं चिन्ह मिरवणारा हुकूमशहा होऊन.

फ्लॉइड ऐकणारी माझ्या ओळखीतली सगळी मंडळी म्हणतात अल्बमच खरा, पिक्चर म्हणजे गाण्यांना जोडलेली चित्रं. मला हे अजिबात पटत नाही. दोनच सीन सांगतो.

पहिला बागेतला. छोटा पिंक बाकीच्या पोरांना त्यांच्या बापांबरोबर खेळताना बघतोय, मग एका अनोळखी माणसाच्या मागे मागे जातो आणि हळूच त्याचा हात धरतो, तो माणूस हात सोडवून घेतो, हा परत धरतो, तो परत झटकतो. तो माणूस वाईट नाहीये हो, त्याचं स्वतःचं पोर सोबत आहे, हे कुणाचं कोण त्याला काय माहीत. पण त्या सुटलेल्या हाताकडे बघताना पहिली वीट कशी बसते ते मला जेवढं कळलं तेवढं नुसतं गाणं इतकी वर्षं ऐकून कळलं नव्हतं.

दुसरा, खोलीची तोडफोड केल्यानंतरचा. पिंकचं काम करणारा बॉब गेल्डॉफ जमिनीवर बसून मोडक्या वस्तू, गिटारचे तुकडे, गोळ्या, सिगरेटी असं सगळं ओळीत मांडत बसतो, एकदम मन लावून, एखादी बाई दारात रांगोळी काढते तसं. एक शब्द नाही. माणूस आतून किती लांब गेलाय हे दाखवायला मला त्याहून चांगलं काही माहीत नाही.

जुना कॅसेटवाला
कातळ, मनापासून लिहिलंयस पण मी पूर्ण उलट्या बाजूचा आहे.

मी हा अल्बम ९१ साली होस्टेलवर ऐकला, कुणीतरी नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून आणलेला. ८१ मिनिटांचा अल्बम, नव्वदमध्ये बरोबर बसायचा. आमच्या डेकला ऑटो रिव्हर्स होतं, रात्री लावून झोपलो तर सकाळपर्यंत फिरत राहायचा, आणि अशाच एका रात्री अर्धवट झोपेत माझ्या लक्षात आलं की शेवटी तो माणूस जे वाक्य अर्ध्यात सोडतो ते अल्बमच्या अगदी पहिल्या सेकंदाला पुरं होतं. म्हणजे भिंत पडली तरी सुटका नाही, लगेच पहिल्यापासून सुरू. एकटेपणा असाच असतो, संपला संपला म्हणता परत दारात उभा. पिक्चरने हे वर्तुळच तोडून टाकलं. सुरुवातीला हॉटेलचा कॉरिडॉर आणि एक जुनं गाणं, शेवटी रस्त्यावरची पोरं. ज्याच्यावर अख्खा डोलारा उभा तेच काढून टाकलं.

आणि 'हे यू'चं काय? भिंत पुरी झाल्यावर आतून बाहेर मारलेली ती पहिली हाक, डबल रेकॉर्डच्या तिसऱ्या बाजूचं पहिलंच गाणं. ते शूट करून कापलं! ज्या पिक्चरचा विषयच एकटेपणा, त्यातून मदतीची हाक कापायची? मग उरतं काय, तर सुन्न बसलेला हिरो. अल्बममधला पिंक धडपडतो, विटा खरवडतो, पिक्चरमधला नुसता बसून असतो.

तिसरं म्हणजे अल्बममध्ये पिंकला चेहरा नाही. म्हणून तो मी होतो. गेल्डॉफ आला आणि तो गेल्डॉफ झाला.

कातळ
'हे यू'बद्दल शंभर टक्के मान्य, ते कापायला नको होतं, त्यावर वाद नाही.

पण चेहऱ्याचं पटत नाही. भुवया भादरतानाचा सीन आठव. तो बँडचा जुना गायक सिड बॅरेट आहे हे आपल्याला माहीत आहे, १९६८ मध्ये बँडमधून बाहेर पडलेला आणि १९७५ साली ॲबी रोड स्टुडिओत भुवया काढून, टक्कल करून येऊन उभा राहिलेला, मित्रांनी ओळखलंसुद्धा नाही त्याला. ही गोष्ट लिहिणाऱ्या, बँडमधल्याच रॉजर वॉटर्सने स्वतःचं आणि सिडचं आयुष्य एकत्र मळून पिंक केला. कानाने हे कळत नाही, पण आरशासमोर तो माणूस स्वतःचा चेहराच खरवडून काढतोय हे डोळ्यांनी बघितलं की पोटात गोळा येतो. गेल्डॉफ तिथे गेल्डॉफ राहतच नाही, कुणीच राहत नाही.

अनुजा ठाणे
तुम्ही दोघंही पिंकच्या बाजूने भांडताय, मला भिंतीच्या दुसऱ्या बाजूचं बोलायचंय.

मला पिक्चर आवडतो आणि रागही येतो. प्रतीकं बघा ना. आई म्हणजे भिंत होऊन कवेत घेणारी, बायको म्हणजे साप विंचू, चित्रकार जेराल्ड स्कार्फच्या त्या ॲनिमेशनमध्ये दोन फुलं जवळ येतात आणि एक दुसऱ्याला गिळून टाकतं. ड्रॉइंग म्हणून अफाट आहे, स्कार्फ वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढणारा माणूस, त्याची रेघ धारदारच. पण अख्ख्या गोष्टीत एकही बाई माणूस म्हणून नाही, सगळ्या विटा.

आणि तरी याच पिक्चरमध्ये एक सीन आहे जो अल्बममध्ये नाही, आणि त्यामुळेच मी पिक्चर सोडू शकत नाही. बायको त्याच्याशी बोलायला बघतेय, आत कुणी आहे का म्हणून विचारतेय, मला ओळखलंस का, आपण लग्न केलं होतं अशी आठवण करून देतेय. तो ढिम्म. म्हणजे आधी दार तिने वाजवलंय! नंतर हा अमेरिकेतून फोन लावतो, दुसराच पुरुष उचलतो, ऑपरेटरलाही कळत नाही काय झालं, आणि आपल्याला हळहळ कुणाची वाटते तर त्याची. माझ्या घरी असा न बोलणारा माणूस होता, वडील. आम्ही जेवायला बसलो की टीव्हीचा आवाज वाढायचा. त्यांना एकटं वाटत असणार हे मला आज समजतं, पण ताटाच्या या बाजूला आम्ही तिघी होतो, आमच्या एकटेपणावर कुणी गाणं केलं नाही.

जुना कॅसेटवाला
अनुजाताई, हा मुद्दा माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता. तो सीन मी कितीदा बघितलाय आणि दर वेळी पिंककडेच बघत राहिलो.

विहीरबाग
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मला हे सगळं प्रकरण श्रीमंत माणसाचं रडगाणं वाटतं. १९७७ मध्ये माँट्रियलच्या स्टेडियममध्ये पुढे आरडाओरडा करणाऱ्या एका चाहत्यावर वॉटर्स थुंकला, मग त्याची त्यालाच लाज वाटली, आणि आपल्यात आणि पब्लिकमध्ये भिंत आहे अशी कल्पना त्यातून सुचली. ठीक आहे, प्रामाणिक आहे. पण पुढे काय केलं? ८० - ८१ च्या शोमध्ये खरोखर स्टेजवर पुठ्ठ्याच्या विटांची भिंत उभी केली. त्याच काळात कीबोर्ड वाजवणाऱ्या रिक राइटला, जो सुरुवातीपासूनचा माणूस, बँडमधून काढलं आणि शोपुरता पगारावर ठेवलं. एकटेपणावर अल्बम करताना शेजारच्या माणसाला बाहेर काढायचं, मग मी त्या प्रतीकावर कसा विश्वास ठेवू? थुंकी ज्याच्यावर पडली त्या पोराचं नाव गाण्यात कुठे आहे?

कातळ
राइटचं वाईट झालं, त्याचं समर्थन कुणी करणार नाही. पण 'रडगाणं' म्हणून उडवून लावता येणार नाही रे. वॉटर्सने पिंकला बिचारा ठेवलेलं नाही, त्याला फॅसिस्ट केलंय. दुखावलेला माणूस आपोआप चांगला होत नाही, तो मायक्रोफोनसमोर उभा राहून गर्दीतल्या लोकांना वेचून वेचून भिंतीकडे उभं करा म्हणतो. स्वतःबद्दल इतकं वाईट लिहायला हिंमत लागते. आणि कोर्टाच्या सीनमध्ये न्यायाधीश शिक्षा काय देतो, तर भिंत पाडा. भिंत पडणं ही सुटका म्हणून येत नाही, शिक्षा म्हणून येते, सगळ्यांसमोर उघडं पडण्याची. लपून बसलेल्या माणसाला याची भीती किती असते ते विचार.

मास्तरीण
मी शाळेत शिकवते म्हणून 'अनदर ब्रिक इन द वॉल' या शाळेच्या गाण्यावर लिहिते, कारण आमच्या गॅदरिंगला मुलं ते ओरडून म्हणतात आणि पुढचं कुणी बघत नाही.

सारख्या मुखवट्यातली मुलं बाकांवर, मग रांगेने खिमा करायच्या यंत्रात. मग बंड, बाकं तुटतात, शाळा पेटते. आणि पुढच्याच क्षणी? पिंक वर्गात बसलाय आणि मास्तरने मारलेला हात चोळतोय. बंड झालंच नाही, ते त्याच्या मनातलं होतं. मला या पिक्चरमधलं सगळ्यात एकटं दृश्य हे वाटतं, कारण त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या मनात कदाचित तेच चाललंय आणि कुणालाच शेजारच्याचं माहीत नाही. अल्बममध्ये हे नाही, तिथे कोरस जिंकतो. मास्तरही घरी बायकोपुढे गप्प बसणारा दाखवलाय, म्हणजे छडी वरून खाली येत येत शेवटी सगळ्यात छोट्याच्या हातावर पडते.

विहीरबाग, तुमच्या मुद्द्यात मी भर घालते. तो कोरस लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतल्या मुलांचा. गाणं नंबर एकला गेलं, शाळेला हजार पौंड मिळाले, मुलांची नावं कुठेच नव्हती. पण १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेत काळ्या विद्यार्थ्यांनी शाळांवर बहिष्कार टाकला तेव्हा तेच गाणं त्यांच्या तोंडी होतं, सरकारने बंदी घातली. श्रीमंत माणसाचं रडगाणं असतं तर त्यांनी ते कशाला उचललं असतं?

विहीरबाग
आफ्रिकेतल्या मुलांनी ते गाणं स्वतःचं केलं, ते श्रेय त्यांचं. वॉटर्सचं नाही. माझं मत तेच.

माणगाव खालची आळी
मी रॉकवाला नाही, भाच्याने दाखवला म्हणून बघितला, पण मला यात एक गोष्ट अशी लागली की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. मराठा लाइट इन्फंट्री, १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात गेले, वय २२, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. आणि या वॉटर्सचे वडील गेले तेही इटलीतच, आंझिओला, त्याच वर्षी फेब्रुवारीत, पोरगं पाच महिन्यांचं होतं. माझ्या आजीचा थोरला भाऊ पण त्याच लढाईवर गेला आणि आला नाही. घरी एक छापील इंग्रजी कागद आला होता, घरात कुणाला वाचता येत नव्हता. आजीने तो ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवला, दर दिवाळीला ट्रंक उघडली की तो बाहेर काढून परत घडी करून आत. मी तो हातात घेतलाय, घडीवर झिरझिरीत झालाय.

पिक्चरमध्ये तो मुलगा खण उघडतो आणि राजाच्या नावाने आलेला असाच कागद त्याला सापडतो, सोबत वस्तरा, काडतुसं. मग वडिलांचा युनिफॉर्म घालून आरशासमोर उभा राहतो. मला आजीची ट्रंक दिसली. भाचा म्हणाला या सीनमागचं गाणं अल्बममध्ये नाहीच, पिक्चरसाठी घेतलं. मग माझ्यासाठी पिक्चरच खरा. राजा तोच, कागद पाठवणारा. इकडे पुतळा एकाचा झाला, बाकीच्यांचे ट्रंकेत राहिले.

जुना कॅसेटवाला
दादा, यावर काय बोलू. 'व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री' हे ते गाणं अल्बममध्ये नाही हे बरोबर आहे, मी ते पिक्चरसाठीची जास्तीची भर म्हणूनच धरत आलो होतो.

मी काल रात्री परत लावला, तुम्हा सगळ्यांमुळे. अनुजाताईंचा सीन आला तेव्हा फक्त बायकोकडे बघितलं. ती थोडा वेळ वाट बघते, मग निघून जाते. इतकं साधं आहे ते.

अल्बम मोठा हे माझं मत कायम आहे, ते बदलणार नाही. पण वर्तुळ तोडलं म्हणालो होतो, त्यावर एक राहिलं. शेवटी भिंत फुटते, पिंक दिसतच नाही, जिवंत आहे की नाही तेही नाही. रस्त्यावर छोटी पोरं पसारा आवरतायत, एक जण पेट्रोलची बाटली उचलून ओतून टाकतो आणि तिथेच चित्र थांबतं. कातळ, तू याला आशा म्हणशील मला माहितीये.

कातळ
म्हणणारच. ज्या बाटलीने आग लागली असती ती त्या पोराने रिकामी केली.

जुना कॅसेटवाला
हो, पण बाकीच्या पोरांचे हात बघ. ती पडलेल्या विटा गोळा करतायत.