पीसी चालूच होत नाहीये, बोर्डवर लाईट आहे पण बटण दाबून काही होत नाही

निशाचर
मंडळी जरा मदत हवीये. घरचा डेस्कटॉप रात्री नेहमीसारखा शटडाऊन केला आणि सकाळी बटण दाबलं तर चालूच होईना. म्हणजे डिस्प्ले येत नाही वगैरे नाही, मुळात चालूच होत नाही, बीप पण नाही. बटण दाबलं की सीपीयूचा पंखा पाव चक्कर हलतो आणि थांबतो, मग नंतर कितीही दाबा, ढिम्म. मागचा स्विच बंद करून थोड्या वेळाने परत चालू केला की परत एकदा पंखा तेवढाच हलतो आणि परत तेच. मदरबोर्डवरचा छोटा हिरवा लाईट मात्र कायम लागलेला असतो. पॉवर केबल मॉनिटरची लावून पाहिली, प्लग बदलला, त्याच प्लगमध्ये टेबल लॅम्प लागतो. लाईट आहे म्हणजे एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय) ठीक असणार असं धरून चाललोय, मग मदरबोर्डच गेला का? वेगळं ग्राफिक कार्ड नाहीये, रॅमच्या दोन स्टिक, एक एसएसडी आणि दोन जुन्या हार्ड डिस्क आहेत. एसएमपीएस ४५० वॅटचा, जुनाच आहे. फोटो सगळे हार्ड डिस्कवर आहेत त्यामुळे डेटाची धाकधूक जास्त.

रिकामटेकडा
एसएमपीएस गेला. नवा टाका, विषय संपला. जुना ४५० वॅटचा म्हणताय म्हणजे तोच.

पान्हा
आधी रॅम काढून खोडरबराने पिना पुसून परत बसवा, आणि बोर्डवरचा सीआर२०३२ सेल पण बदलून बघा, बऱ्याचदा तोच असतो.

वायरमन
सेल आणि रॅमने असं लक्षण सहसा येत नाही हो. सेल उतरला तर घड्याळ मागे जातं, सेटिंग पुसली जातात, क्वचित एखादा बोर्ड सेलशिवाय चालू व्हायला नाटकं करतो हे खरं. रॅम नीट बसली नसेल तर पंखे फिरत राहतात, फक्त डिस्प्ले येत नाही, नाहीतर मशीन आपलंआपण बंद चालू होत राहतं. इथे तसं काहीच नाही.

निशाचर, पहिलं म्हणजे त्या हिरव्या लाईटवर जाऊ नका. एसएमपीएसमध्ये खरं तर दोन सप्लाय असतात. एक छोटा ५ व्होल्टचा स्टँडबाय, मागचा स्विच चालू असेपर्यंत तो जिवंतच असतो, २४ पिनच्या कनेक्टरमधली जांभळी वायर ती त्याची. तुमचा लाईट त्याच्यावर लागतो. दुसरा मुख्य सप्लाय, १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा, तो तुम्ही बटण दाबल्यावर बोर्डने हिरवी वायर ग्राउंडला जोडली की मग चालू होतो. त्यामुळे लाईट लागतोय यावरून मुख्य सप्लायबद्दल काहीही कळत नाही, चांगलं पण नाही आणि वाईट पण नाही.

तुम्ही लिहिलेल्यातलं कामाचं वाक्य वेगळंच आहे. पंखा किंचित हलतो, मग ढिम्म, आणि मागचा स्विच बंद करून थांबल्याशिवाय परत हलत पण नाही. हे सप्लाय मेल्याचं कमी आणि सप्लाय शहाणा असल्याचं जास्त वाटतंय. पुढे कुठेतरी शॉर्ट असला की एसएमपीएस चालू होता होता स्वतःला बंद करून घेतो आणि मेन्स काढेपर्यंत तसाच अडून बसतो. त्यामुळे लगेच काही विकत आणू नका, आधी एकेक भाग सुटा करत जा, कुठला सुटल्यावर चालू होतं ते बघा. सगळ्यात सोपं आधी: मेन्सची वायर काढा, मग पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे उरलासुरला चार्ज जाईल, आणि एसएसडी हार्ड डिस्क सगळ्यांच्या पॉवर केबल काढा, नुसत्या डेटा केबल नाही. ड्राइव्ह नसले तरी मशीन बायोसपर्यंत, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डच्या स्क्रीनपर्यंत, जातंच. तरीही चालू नाही झालं तर पुढच्या यूएसबीची केबल बोर्डवरून काढा, तिथे वाकडी पिन असते कधीकधी. तेही नाही तर सीपीयूजवळचा ४ किंवा ८ पिनचा कनेक्टर काढून बटण दाबा, डिस्प्ले येणार नाही पण पंखे फिरत राहिले तर शॉर्ट बोर्डवर सीपीयूला करंट देणाऱ्या भागात आहे असं समजा आणि मग मात्र बोर्डचा खर्च. दर वेळी काही काढण्या-लावण्याआधी मेन्स काढायचंच, आळस करू नका.

पान्हा
पेपरक्लिप टेस्ट पण करता येईल, २४ पिनचा कनेक्टर बोर्डवरून काढून हिरवी आणि शेजारची काळी वायर जोडायची, एसएमपीएसचा पंखा फिरला की सप्लाय ओके.

वायरमन
ओके नाही, फक्त चालू होतो एवढंच कळतं. लोड नसताना १२ व्होल्ट बरोबर दाखवणारा सप्लाय लोड आला की मान टाकतो असं होतं. शिवाय काही नव्या सप्लायचा पंखा कमी लोडवर फिरतच नाही, मग चांगला सप्लाय कचऱ्यात जातो. मल्टिमीटर असेल तर पिवळी-काळीवर ११.४ ते १२.६ च्या मध्ये आणि लाल-काळीवर ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये यायला हवं. सगळ्या वायरी काळ्या असतील तर रंगांवर जाता येत नाही, पिनांचा नकाशा बघूनच करा, आणि क्लिप लावायच्या काढायच्या वेळी मेन्स बंद. आणि कुणीही एसएमपीएसचं झाकण उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज वायर काढल्यावरही राहू शकतो.

निशाचर
चालू झाला!!! सगळ्या ड्राइव्हच्या पॉवर केबल काढल्या आणि बटण दाबलं तर सरळ बायोस आला. मग मेन्स काढून एसएसडी लावली, विंडोज सुरू. पहिली हार्ड डिस्क लावली, चालतंय. दुसरी लावली की पंखा पाव चक्कर आणि ढिम्म. म्हटलं गेली डिस्क, फोटो गेले. पण ही दुसरी एका स्प्लिटरवर होती, जुन्या चार पिनच्या मोलेक्स पॉवर कनेक्टरवरून ड्राइव्हला लागणारा साटा पॉवर कनेक्टर काढणारा असतो ना तो, म्हणून पहिली काढून तिच्या थेट केबलवर दुसरी लावून पाहिली तर दिसली, फोटो उघडतायत. मग नुसता रिकामा स्प्लिटर मोलेक्सला लावला, त्याला काहीच जोडलेलं नाही तरी पीसी चालू होत नाही! टोकाला प्लास्टिक जरा तपकिरी झालंय, जळका वास पण येतोय.

वायरमन
सापडला मग. हा प्रकार बराच जुना आहे. साटा पॉवरला एवढ्याशा जागेत १५ पिना, दोन पिनांमध्ये सव्वा मिलिमीटर अंतर. काही स्प्लिटरमध्ये वायरींवर प्लास्टिक ओतून सगळं एकसंध साचा केलेला असतो, त्यात वायरी आत थोड्या सरकलेल्या राहिल्या तर १२ व्होल्ट आणि ग्राउंड जवळ येतात, वर्षानुवर्षं चालतं आणि एक दिवस आत शॉर्ट होतं. कुठे कुठे तर आग लागते. सप्लायने वेळेत बंद करून घेतलं म्हणून वाचलं. स्प्लिटर फेकून द्या, घ्यायचाच असेल तर ज्याच्या मागचं झाकण वेगळं निघतं आणि वायरी वेगवेगळ्या बसवलेल्या दिसतात तसला घ्या. त्या डिस्कच्या पॉवर पिनांवर काळं काही आहे का बघा आणि फोटो आजच दुसरीकडे कॉपी करा.

रिकामटेकडा
पण सप्लाय जुनाच आहे ना, बदलायला काय हरकत आहे 😄

वायरमन
बदला की, हौस असेल तर. पण मॉड्युलर, म्हणजे सुट्या निघणाऱ्या केबलचा, घेतला तर त्याच्या बॉक्समधल्याच केबल वापरा. ड्राइव्हच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं, सप्लायच्या बाजूचं प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि जुनी केबल बसते म्हणून लावली की ५ च्या जागी १२ जाऊन डिस्क कायमची जाते.

उशिराने_आलेला
माझ्याकडे उलट आहे, बोर्डवर लाईटच लागत नाही, पंखा वगैरे तर लांबच. तर मग कुठून सुरू करू?

वायरमन
मागचा स्विच आणि पॉवर केबल आधी, हसू नका, स्विच बंद राहिलेला असतो. ते ठीक असेल तर २४ पिनचा आणि सीपीयूजवळचा कनेक्टर बोर्डवरून काढा, मेन्स लावा आणि जांभळी-काळीवर मीटर ठेवा. तिथेही ५ व्होल्ट येत नसतील तर रिकामटेकडा म्हणतोय तेच, सप्लाय गेला. मोकळ्या कनेक्टरवर ५ येतात आणि बोर्डला लावला की गायब होतात तर शॉर्ट बोर्डवर किंवा त्याला लावलेल्या यूएसबीवर आहे, तेव्हा बाहेरचं सगळं, कीबोर्ड माउस सकट, काढून परत मोजा आणि आकडा इथे टाका.