पथकात मुलंही कमी, स्काऊटमास्तरही कमी. आधी कोणाला शोधायचं?

दोरीकाठी:
११ ते १६ वयाचं स्काऊट पथक आहे. हजेरीपटावर १४ नावं, नियमित येणारी नऊ-दहा. स्काऊटमास्तर दोन, त्यातले एक सत्राअखेर थांबणार आहेत. पत्रकं लावून झाली, पालकांच्या ग्रुपवर ‘स्वयंसेवक हवेत’ असंही टाकून झालं. अंगठे भरपूर आले, माणूस एकही नाही. मुलं वाढवली की पालक आपोआप मदतीला येतील, असं काही जण म्हणतात. हे खरं आहे का? आणि पहिल्यांदा आलेलं मूल दुसऱ्यांदा यावं म्हणून नेमकं काय करायचं?

चौथा_संघ:
आधी माणसं. मुलं जमवणं त्यामानाने सोपं असतं. पण सांभाळायला कोणी नसेल तर ती महिन्याभरात जातात आणि जाताना शाळेत सांगतात, ‘तिथं नुसतं रांगेत उभं करतात.’ मग त्या शाळेतून पुन्हा मुलं मिळणं अवघड.

हिशोब असा धरा. पथकसभेला कमीत कमी दोन प्रौढ हवेतच. यादीत दोनच असतील तर एकाला ताप आला की सभा रद्द. त्यामुळे यादीत चार जण हवेत. पथक ३२ च्या वर जाऊ नये असं स्काऊट चळवळीचे संस्थापक खुद्द बेडन-पॉवेल सांगत. तुम्ही सध्या आठ-आठचे तीन संघ (पथकातले छोटे गट), म्हणजे २४ पर्यंतच जा.

ग्रुपवरचं आवाहन फसणारच, कारण सगळ्यांना सांगितलेलं काम कोणाचंच नसतं. त्यापेक्षा वही घेऊन बसा आणि २० नावं लिहा: पथकातून बाहेर पडलेली १८ ते २५ ची मुलंमुली, निवृत्त क्रीडाशिक्षक, गिर्यारोहण किंवा प्रथमोपचार येणारे, ज्यांची मुलं नुकतीच आली आहेत असे पालक. प्रत्येक नावापुढे त्या माणसाला जमेल असं एकच काम लिहा. मग दोघांनी प्रत्यक्ष भेटून विचारायचं. ‘पथकाला मदत कराल का?’ असं मोघम नको. ‘तंबू, दोर, कंदील यांची वर्षभर नोंद ठेवायची आहे, महिन्याला दोन तास लागतील, तुम्ही कराल का?’ असं विचारा. उत्तर लगेच मागू नका, आठवडा द्या.

आणि कृपा करून ‘फार काही काम नसतं हो’ हे वाक्य टाळा. स्काऊटमास्तरचं काम म्हणजे आठवड्याला दोन तास सभा, तासभर तयारी, वर्षातून एक-दोन शिबिरं आणि प्रशिक्षण. हे आधीच सांगितलं तर काही जण नाही म्हणतील, पण हो म्हणणारा टिकेल. मुदतही ठरवून घ्या, एक वर्ष. मुदत नसलेल्या कामाला लोक बिचकतात.

खाकी_टोपी:
वरच्याशी सहमत, फक्त पालकांबाबत थोडं वेगळं मत. पालकाला थेट त्याच्याच मुलाच्या संघाबरोबर काम देऊ नका. तेरा-चौदाच्या मुलाला बाप शिट्टी वाजवताना बघवत नाही, आणि बापाचंही अर्धं लक्ष स्वतःच्याच लेकराकडे. पालकांना हिशोब, सामान, वाहतूक, शिबिराचा स्वयंपाक द्या. प्रत्यक्ष पथकासाठी जुनी मुलं उत्तम. गाणी, खेळ, गाठी त्यांना आधीच येतात. फक्त शिक्षण-नोकरीमुळे ती दोनेक वर्षांत गाव सोडतात, तेव्हा पुढचा माणूस आधीच हेरून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी माणसं कमी असली की नेमकी राहून जाते. नवा स्वयंसेवक कितीही ओळखीचा असो, दोन संदर्भ घ्या, तुमच्या संघटनेची पडताळणी पूर्ण करा. तोवर चार-सहा सभा फक्त मदतनीस म्हणून. कोणताही प्रौढ एकट्या मुलाबरोबर नजरेआड राहणार नाही, हा नियम पहिल्या दिवशी सांगायचा. ‘मला एवढं कशाला?’ म्हणून कोणी तो टाळत असेल तर त्याला घ्यायचं नाही. माणसांची कितीही टंचाई असली तरी.

तिपाई:
मुलांच्या बाजूचं मी लिहिते.

सर्वात खात्रीची भरती कबमधून, म्हणजे स्काऊटच्या आधीच्या लहान मुलांच्या गटातून. तिथून वर येताना बरीच मुलं गळतात, कारण एका आठवड्यात ओळखीची अकेला (कबची ताई) जाते आणि समोर मिशा फुटलेले संघनायक, म्हणजे संघ सांभाळणारी मोठी मुलं, दिसतात. वर येण्याआधी दोन-तीन महिने त्यांना अधूनमधून पथकाच्या खेळाला बोलवा, आणि जोडीजोडीने एकाच संघात टाका.

बाहेरच्यांसाठी ‘मित्राला आणा’ सभा घ्या, सत्राच्या सुरुवातीला. दीड तास, भाषण नाही, फॉर्म नाही. झेंडा पाच मिनिटं, खेळ १५, मग तिपाई बांधणं. प्रत्येक गटाला दीड मीटरच्या तीन काठ्या आणि चार मीटर दोर, बोटाएवढा जाड. एका काठीला क्लोव्ह हिच (दोर काठीला पक्का करायची गाठ), मग तिन्ही काठ्यांमधून आत-बाहेर सहा-सात वेढे, काठ्यांच्या मधून दोन आवळवेढे, शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच. वेढे फार करकचून घातले तर पाय उघडत नाहीत, सैल राहिले तर तिपाई घसरून बसते. दोन्ही होऊ द्या, मुलं आपणच सोडून पुन्हा बांधतात. शिकवायचं संघनायकाने, तुम्ही हात मागे बांधून उभे राहा. १९०७ च्या इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावरच्या पहिल्या स्काऊट शिबिरातही मुलं चार संघांतच विभागली होती. तेव्हा मोठ्याने लहानाला शिकवणं ही काही नवी युक्ती नाही.

घरी जाताना हातात चिठ्ठी: पुढची तारीख, वेळ, जागा, एक फोन. दोन दिवसांत पालकांना फोन. आठवडा गेला की मूल दुसऱ्या क्लासला लागलेलं असतं.

दोरीकाठी:
दहा नवी मुलं एकदम आली तर त्यांचा वेगळा संघ करावा का? आणि गणवेश कधी सांगायचा?

तिपाई:
वेगळा संघ नको. कोणालाच काही येत नाही, संघनायकही कच्चा, मग सगळं तुमच्यावर येतं. आहेत त्या दोन संघांत वाटा. एका संघात दहाच्या वर मुलं झाली की तिसरा काढा आणि त्याला जुन्यांतले दोघे-तिघे द्या. जागा भरल्या तर प्रतीक्षायादी ठेवा, पण यादीतल्या मुलाला महिन्यातून एकदा निरोप जायला हवा.

गणवेश पहिल्या तीन सभांत बोलूच नका. मूल राहणार हे ठरलं की मग, आणि स्कार्फ दीक्षाविधीलाच, म्हणजे वचन देऊन मूल रीतसर स्काऊट होतं तेव्हा. तो विधी सहा ते आठ आठवड्यांच्या आत उरका. लांबला की मुलाला आपण अजून पाहुणेच आहोत असं वाटत राहतं. पथकाकडे जुने शर्ट साठवलेले असतील तर मापं लिहून ठेवा, नव्या पालकाचा पहिला प्रश्न तोच असतो.

चौथा_संघ:
आणि दीक्षाविधीला पालकांना बोलवा. वहीतली निम्मी नावं त्या दिवशी समोर उभी असतात, विचारून घ्या.