एडनच्या पत्रावर हिंदुस्थानचं तिकीट कसं?

प्रश्न: खापरपणजोबा पलटणीत होते, एडनला (आजच्या येमेनमध्ये). आजीच्या ट्रंकेत त्यांच्या लिफाफ्याचा कापलेला तुकडा मिळाला. मोडीत आमच्या गावाचं नाव, राणीचं निळं अर्ध्या आण्याचं तिकीट, त्यावर काळा ‘बी-22’ शिक्का. मुलूख अरबांचा, मग टपाल आपलं कसं? आणि खर्च कोण करायचं?

उत्तर 1: जपून ठेवा, लॅमिनेशन अजिबात करू नका! शिक्क्यातला ‘बी’ म्हणजे बॉम्बे सर्कल, मुंबईचा टपाल विभाग. 1839 मध्ये इंग्रजांनी एडन घेतलं ते मुंबई इलाख्याला जोडलं, त्यामुळे तिथलं पोस्ट मुंबईच्याच अखत्यारीत. एडनची स्वतःची, गलबताच्या चित्राची तिकिटं आली थेट 1937 मध्ये, हिंदुस्थानातून वेगळं काढल्यावर.

एडनच कशाला, मस्कत आणि इराणातल्या बुशहरला 1864 मध्ये, बसरा-बगदादला 1868 मध्ये हिंदुस्थानी टपाल कचेऱ्या उघडल्या. झांझिबारलाही होती.

खर्चाचं म्हणाल तर तिकिटांच्या विक्रीवर आगबोटी चालत नसत. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीला 1862 पासून इराणच्या आखातातलं टपाल नेण्याचा ठेका होता, आणि त्यापोटी सरकारी अनुदान. ते कलकत्त्याच्या सरकारकडून, म्हणजे आपल्याच रयतेच्या सारा-करातून. साम्राज्याची सोय आणि भार आपल्यावर, हे मला आजही खटकतं.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार, दादा. आईला वाचून दाखवलं. तुकडा आता वहीच्या कोऱ्या पानांत ठेवलाय.

उत्तर 2: वहीचा कागद आम्लधर्मी असतो, पिवळा पाडेल. तिकीट संग्राहकांकडचं पारदर्शक पाकीट घ्या. आणि तिकीट तुकड्यावरून सोडवू नका, शिक्का अर्धा कागदावर असणार!