पन्नास दाणे

(वाड्याचा परिवार ग्रुप, शुक्रवार)

मोठे काका, सकाळी ६:१२
डॉक्टरसाहेब काल रात्री गेले. आत्ताच सेवाग्रामवरून फोन आला. झोपेतच गेले म्हणे.

दादा (पुणे)
आपले डॉक्टरकाका?

मोठे काका
आपलेच.

आत्या (हिंगणघाट)
अरे देवा. संक्रांतीला येतो म्हणाले होते. तिळगूळ नको, पण तुझ्या हातची ज्वारीची भाकर खाईन म्हणाले.

वहिनी
आई गोठ्यात होत्या. मी सांगितलं तर दुधाची बादली हातात घेऊन तशाच खाली बसल्या. अजून काही बोलल्या नाहीत.

दादा (पुणे)
काका, शेवटचं दर्शन किती वाजता? मी दुपारच्या विमानाने नागपूरला उतरू शकतो.

मोठे काका
त्याइच्या मुलाशी बोललो. दहा वाजता नेणार. तू काही पोचत नाहीस बापा. धावपळ करू नको. मी आणि भाऊ मोटारसायकलने निघून रायलो.

वहिनी
मीही जाणार होते मामाजींबरोबर, पण बाळ रात्रभर खोकलंय. अंग थोडं कोमट लागतंय.

ताई (नागपूर)
किती महिन्यांचं झालं गं आता? नऊ ना? श्वास मोजलेस का?

वहिनी
रडतंय ताई. मोजता येत नाही.

ताई (नागपूर)
रडताना मोजूच नको, तो आकडा खरा नसतो. दूध पाज, शांत होऊ दे, मग अंगडं वर करून पोट बघ. पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. नऊ महिन्यांच्या बाळाला ५० किंवा त्याच्यावर गेलं, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, किंवा दूधच घेत नसेल, तर माझ्या फोनची वाट न बघता सरळ दवाखान्यात न्यायचं.

आत्या (हिंगणघाट)
हे तर डॉक्टरसाहेबांचंच बोलणं. शब्द न् शब्द.

ताई (नागपूर)
त्यांचंच आहे आत्या. माझं त्यात काहीच नाही. सकाळपासून ओपीडीत बसलेय आणि प्रत्येक पेशंटला विचारताना त्यांचाच आवाज ऐकू येतोय.

ग्रुपवरच्या लहान मुलांना माहीत नसेल म्हणून लिहिते. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ साली, गांधी शताब्दीच्या वर्षात निघालं. डॉ. सुशीला नायर यांनी काढलं. त्या गांधीजींच्या डॉक्टर होत्या, आम्ही सगळे त्यांना बडी बहनजी म्हणायचो. खेड्यातल्या माणसासाठी डॉक्टर तयार करायचे तर शिक्षणही खेड्यातच व्हायला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. म्हणून पहिल्या वर्षाला आधी पंधरा दिवस आश्रमात, मग एका गावात शिबिर. अंगावर खादी. ज्या गावात शिबिर, तिथली काही घरं एकेका विद्यार्थ्याच्या वाट्याला. आपल्या गावात शिबिर आलं तेव्हा डॉक्टरकाका मास्तर म्हणून पोरांसोबत शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचे. आपला आणि त्यांचा संबंध तिथून.

मला त्यांनी वॉर्डात शिकवलं तो पहिला दिवस अजून आठवतो. मी केस सांगायला उभी राहिले, "चाळीस वर्षांचा पुरुष, शेतकरी, उलट्या आणि घाम." त्यांनी थांबवलं. "शेतकरी म्हणजे काय? वावर कुणाचं? पेरलंय काय? काल दिवसभर काय करत होता?" मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मग ते स्वतः त्या माणसाच्या खाटेशी स्टूल ओढून बसले आणि आधी त्याचं नाव विचारलं. पराटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करत होता तो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडातून लाळ. काकांनी पहिल्यांदा त्याचा सदरा काढायला लावला, अंग साबणपाण्याने धुवायला लावलं, आणि तेवढ्यात विषावरचं अॅट्रोपिन सुरू. नंतर मला एवढंच म्हणाले, "फवारणीचं औषध त्याच्या सदऱ्यात होतं. तू सदरा पाहिला नाहीस."

२०१७ साली यवतमाळला फवारणीने माणसं दगावली, तेव्हा ते केव्हाच रिटायर झाले होते. तरी रोज सकाळी आपल्या गावच्या वावरांतून फिरायचे. वारा कुठून येतो ते बघा, नोझल तोंडाने फुंकू नका, घरी गेल्यावर आधी आंघोळ मग लेकरू. मला फोनवर सांगायचे, आज किती जणांनी ऐकलं आणि किती जणांनी नाही.

मोठे काका, सकाळी ११:४०
दर्शन झालं. गर्दी लय होती. कुठून कुठून त्याइचे विद्यार्थी आले होते, पांढऱ्या केसाचे डॉक्टर हातात फूल घेऊन रांगेत उभे. गावातले किती तरी लोक पायीच आले. मले पाहून त्याइच्या मुलानं विचारलं, "तुम्ही घोणसवाले ना?" मले रडूच आलं.

दादा (पुणे)
काका, घोणस चावली ते मला नीट माहीतच नाही. मी तेव्हा होस्टेलला होतो.

मोठे काका
१९९८ ची गोष्ट. तुरीत पाय ठेवला अन् पोटरीले धरलं. लोकांनी गुडघ्याखाली सुतळी आवळली. कोणी म्हणे ब्लेड मार, कोणी म्हणे बाबाकडे ने. तुझ्या काकूनं कोणाचंच ऐकलं नाही, जीपमध्ये टाकलं अन् सेवाग्राम. डॉक्टरसाहेब तिथंच होते. सुतळी बघून बोलले नाहीत, फक्त म्हणाले, पुन्हा कोणाले बांधू देऊ नका, पाय जाते त्यानं.

मग त्याइनं माझं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं अन् टेबलावर ठेवलं. वीस मिनिटं कोनी हात लावायचा नाही. सोबत पाच-सहा पोट्टे होते शिकणारे. एक जण जाऊ लागला तर म्हणाले, इथंच बस, या माणसाले वीस मिनिटं कशी जातात ते तुले कळलं पाहिजे. स्वतः माझा हात धरून बसले. पराटीले भाव काय मिळाला, बैल कोणती हे विचारत होते. वीस मिनिटं झाली तशी नळी हळूच तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. पोट्टे पाहाले वाकले, तर म्हणाले, "थांबा, रक्त त्यांचं आहे. आधी त्यांना दाखवा." मले दाखवलं. सांगितलं की गोठत नाही, म्हणजे विष रक्तात गेलं, आता उलट औषध देतो. सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा वीस मिनिटं. अजून वाहत होतं. तिसऱ्या वेळी नळी उलटी केली तरी रक्त जागचं हललं नाही. तेव्हा पहिल्यांदा हसले.

आत्या (हिंगणघाट)
मी कधी सगळ्यांसमोर बोलले नाही, आज लिहिते. आमच्या मुलाला लहानपणी हातपाय दुखायचे, रात्र रात्र रडायचा. एका दवाखान्यात दोन वर्षं वाताची सुई दिली. घरात सगळे म्हणायचे आईच्या अंगातलं दुखणं आहे. माहेरचं आहे. मी ऐकून घेत होते. माहेरी आले तेव्हा डॉक्टरसाहेब समोरच्या खोलीत बसले होते. पोराचे डोळे पाहिले, पिवळट होते. पोटावर हात ठेवला. रक्त तपासायला पाठवलं, सिकल सेल निघालं, रक्ताचा जन्मजात आजार.

मग त्यांनी आमच्या ह्यांना आणि सासूबाईंना हिंगणघाटहून बोलावून घेतलं. ओसरीवर बसवलं. एका बाजूला एक ज्वारीचा दाणा आणि एक तुरीचा, दुसऱ्या बाजूला तसेच दोन. म्हणाले, हा बाप, ही आई. दोघांमध्येही तुरीचा एक एक दाणा आहे, दोघांनाही त्रास काही नाही. लेकरू दोघांकडून एक एक दाणा उचलतं. मग चारही प्रकारे दाणे मांडून दाखवले. एकात दोन्ही ज्वारी, दोघांत एक एक, आणि एकात दोन्ही तूर. "तुमच्या पोराच्या वाट्याला दोन्ही तूर आली. एक आईची, एक बापाची. प्रत्येक बाळंतपणात हाच हिशोब नव्याने होतो." सासूबाई किती तरी वेळ त्या दाण्यांकडे पाहत होत्या. त्यानंतर मला कोणी एक शब्द बोललं नाही.

पोरगा आता २७ चा आहे. गोळ्या रोज घेतो, पाणी भरपूर पितो, थंडीत कान बांधतो. नोकरी करतो. त्याच्या लग्नाचं बघताना आम्ही पत्रिकेआधी मुलीच्या रक्ताचा रिपोर्ट मागतो आणि त्याची लाज वाटत नाही.

दादा (पुणे)
आत्या 🙏 हे मला माहीत नव्हतं.

मोठे काका
एक विचारतो. स्टँडवर मोठा बॅनर लावू म्हणतो, गावाच्या वतीनं. अन् तेरवीले गावजेवण.

दादा (पुणे)
काका, बॅनर नको. फोटो काढू द्यायचे नाहीत ते. जेवणाचा खर्च असेल तेवढे पैसे मी देतो, पण दुसरं काही करू.

मोठे काका
दुसरं काय? गावाले वाटते ना काही करावं. तुम्ही बाहेर राहता, तुमाले समजत नाही. लोकं विचारतात, वाड्यानं डॉक्टरसाठी काय केलं.

ताई (नागपूर)
काकांचं बरोबर आहे दादा, गावाचाही हक्क आहे त्यांच्यावर. जेवण होऊ दे, साधं, सगळ्यांची एकच पंगत. मी त्या दिवशी समोरच्या खोलीत बसते, रक्ततपासणीची सोय करते. शिकणाऱ्या चार पोरी घेऊन येते. बॅनरचं तेव्हाच बसून ठरवा.

मोठे काका
बरं. त्याइची खुर्ची अन् स्टूल तसंच आहे. खोली सारवून ठेवतो.

वहिनी, संध्याकाळी ७:०५
आई बोलल्या आत्ता. लिही म्हणाल्या, त्या सांगतात तसं लिहिते.

"मी नवीन होती या घरात. मले वीसच्या वर मोजता येत नव्हतं. शिबिरात डॉक्टर सगळ्या बायांले लेकराचा श्वास मोजाले शिकवत. मी मागं लपून बसली. त्याइच्या ध्यानात आलं. सगळ्या बाया गेल्यावर थांबवलं अन् तुरीचे दाणे मागितले. पन्नास दाणे मोजून एका फडक्यात बांधले. म्हणे, घड्याळाचा सेकंदाचा काटा बारावर आला की सुरू करायचं, पोट एकदा वर आलं की एक दाणा बाजूले. काटा फिरून बारावर यायच्या आधी दाणे सरले तर बंडी जुंपायची. चाळीसाची दुसरी पुरचुंडी दिली, लेकरू वर्षाचं झाल्यावरची. भाऊ सात महिन्याचा होता तेव्हा एका रात्री दाणे सरले. काटा नवावर होता. तुझ्या मामाजीनं बंडी जुंपली. सेवाग्रामले पोचलो तर डॉक्टरनं विचारलं, किती? म्या म्हटलं, मोजता येत नाही, पण दाणे सरले, काटा नवावर होता. त्याइनं पोट्ट्यांकडं पाहिलं अन् म्हणाले, लिहा, आईनं निदान करून आणलं आहे, निमोनिया."

ताई (नागपूर)
ही गोष्ट ते आम्हाला दरवर्षी सांगायचे. ती बाई कोण ते कधी सांगितलं नाही त्यांनी. मोठ्या काकू, तुम्ही होता?

वहिनी
आई मान हलवतात.

ताई (नागपूर)
मी वाचत बसलेय आणि पुढे लिहिता येत नाही. बाळ कसं आहे ते सांग.

वहिनी
दूध चांगलं घेतलं. ताप १०० च्या आत आहे. आत्ताच झोपलं. मी मोबाईलवर मिनिट लावणार होते, पण आईंनी देवघरातून ते फडकं काढून आणलंय. दाणे नवीन भरतात म्हणे दरवर्षी, फडकं तेच आहे.

मोठे काका
काटा बारावर येऊ दे.

ताई (नागपूर)
अंगडं वर कर. उजेड पोटावर पडू दे.

वहिनी, रात्री ७:३१
झालं. आईंनीच मोजलं. छाती आत ओढली जात नाही. काटा बारावर आला तेव्हा फडक्यात आठ दाणे उरले होते.