निवृत्तीनंतरचा आरोग्य विमा: गट पॉलिसी संपण्याआधी काय करावे?

प्रश्न (नेरूळ):
महापे येथील कंपनीतून मी तीन महिन्यांनी, वयाच्या ६० व्या वर्षी निवृत्त होत आहे. आम्हां पती-पत्नीला असलेले गट विम्याचे पाच लाखांचे संरक्षण त्याच दिवशी संपेल. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, पत्नीला मधुमेह आहे. एका एजंटाने दहा लाखांची नवी पॉलिसी सुचवली आणि ‘अर्जात बीपी लिहिले नाही तरी चालते’ असेही सांगितले. ती घ्यावी, की काही वर्षे मुदत ठेवीवरच भागवावे?

उत्तर (नौपाडा, ठाणे):
एजंटाला थोडे थांबवा. आधी एचआरकडून गट विमा कोणत्या कंपनीचा आहे ते विचारून घ्या आणि त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशनसाठी (म्हणजे गट विम्यातून तिकडे जाण्यासाठी) अर्ज करा. अगदी नवी पॉलिसी घेतल्यास आधीपासूनच्या आजारांसाठी कमाल ३६ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे त्या आजारांचे दावे न मिळण्याचा काळ, पहिल्यापासून सुरू होतो (एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती). मायग्रेशनमध्ये मात्र गट विम्यात काढलेली वर्षे त्यातून वजा होतात, अर्थात जुन्या पाच लाखांपुरतीच. दहा लाख घेतलेत तर वाढीव रकमेची प्रतीक्षा वेगळी. कंपनी वैद्यकीय तपासणी मागू शकते, तेव्हा हे काम नोकरीत असतानाच सुरू करावे.

बीपी मात्र लिहाच. पाच वर्षे पॉलिसी सलग चालली की माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, हे एजंट सांगतात ते खरे. पण फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण मिळत नाही, हे ते सांगत नाहीत. अर्जावर सही आपली असते, एजंटाची नव्हे.

उत्तर (घोडबंदर रोड):
विमा रकमेइतकेच खोलीभाड्याच्या मर्यादेकडे लक्ष द्या, असे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझ्या पॉलिसीत दिवसाला ५,००० रुपयांची मर्यादा होती आणि हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आम्ही ८,००० रुपयांची खोली घेतली. चार दिवसांचे फरकाचे १२,००० रुपये खिशातून जातील, एवढाच माझा हिशेब होता. प्रत्यक्षात सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर यांच्या १,२०,००० रुपयांच्या शुल्कालाही तेच पाचास आठ प्रमाण लागले, म्हणजे ७५,००० मंजूर झाले आणि ४५,००० आमच्या माथी आले. औषधे आणि हर्नियासाठी बसवलेली जाळी यांना ही कपात लागली नाही, तेवढेच समाधान. खोलीभाड्याला मर्यादा नसलेली आणि सहभुगतानाची (प्रत्येक दाव्याचा ठरावीक हिस्सा स्वतः भरण्याची) अट नसलेली पॉलिसी महाग पडते, तरी मी आता तीच घेईन.

उत्तर (कोपरखैरणे):
मुदत ठेव हवीच, पण विम्याऐवजी नव्हे. सत्तरी पूर्ण झाल्यावर आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण उत्पन्नाची अट न लावता मिळते आणि खाजगी विमा असला तरी ते घेता येते. परंतु तोवर आपल्याला दहा वर्षे काढायची आहेत. पाच लाखांच्या मूळ पॉलिसीवर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या पुढचा खर्च देणारी पूरक पॉलिसी, घेतल्यास हप्ता बराच आटोक्यात राहतो. साधा टॉप-अप प्रत्येक दावा स्वतंत्र मोजतो, सुपर टॉप-अप वर्षभरातील दाव्यांची बेरीज धरतो, म्हणून शब्द नीट वाचून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, आणि ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. जुनी करप्रणाली असेल तर हप्त्यापोटी प्राप्तिकरात ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, मात्र हप्ता रोखीने भरू नये.

प्रश्नकर्ता (नेरूळ):
आपणा सर्वांचा आभारी आहे. आज एचआरकडून जुन्या पॉलिसींच्या प्रती घेतल्या, तेव्हा लक्षात आले की माझे नाव २०१४ पासून असले तरी पत्नीचे नाव गेल्याच वर्षी घातले गेले आहे. म्हणजे तिच्या मधुमेहासाठी अजून दोन वर्षे थांबावे लागणार. तोवरच्या खर्चासाठी मुदत ठेवीतील काही रक्कम मी बाजूला ठेवतो.